'पानी' म्हटलं की हशा येतो, तिथून सुरुवात करू

वाचकाचं पत्र

"मॅडम, मी पुण्यातल्या एका आयुक्तालयात आहे. दीड वर्षापूर्वी मला उसनवारीवर मंत्री कार्यालयात घेतलं. माझं मराठी बरं, म्हणून साहेबांची भाषणं माझ्याकडे आली. निम्मा आठवडा मुंबईत, उरलेला इथे. उद्घाटन, मेळावा, सत्कार, शोकसंदेश, सगळं मीच लिहिते. या अनुभवावर मी एक एकांकिका लिहिली आहे, राजकीय प्रहसन म्हणा. आमचा नोकरदारांचा हौशी ग्रुप ती बसवतोय. तालमीत मंत्री 'पाणी'ला 'पानी' आणि 'शाश्वत'ला 'सास्वत' म्हणतात तिथे सगळे पोट धरून हसतात. भाषणाचा मसुदा टेबलाटेबलावरून फिरतो, तो तिसरा प्रवेश मात्र थंड जातो. दिग्दर्शक म्हणतो, तो काप आणि उच्चारांचं वाढव. दुसरं, मी टोपणनाव घ्यावं का? आणि तिसरं, ज्यांचं मीठ खाते त्यांच्यावरच लिहिणं बरोबर आहे का? साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत."
– एक भाषणलेखिका, पुणे

उत्तर

तुमची एकांकिका मी रात्री वाचून काढली आणि सकाळी उठून फक्त तिसरा प्रवेश परत वाचला. तो कापू नका. कापायचंच असेल तर पहिला प्रवेश कापा.

पहिल्याबद्दल आधी बोलते, कारण त्याचा मला राग आलाय. 'पाणी'चं 'पानी' ही चूक नाही. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात माणसं जन्मापासून तसंच बोलतात. आपण जिला शुद्ध म्हणतो ती भाषा इंग्रजी अमदानीत शाळेच्या पुस्तकांसाठी घडवली गेली तेव्हा पुण्यातल्या एका वर्तुळाच्या बोलीवर बेतली गेली. बाकीच्यांच्या बोलीला तेव्हापासून अशुद्धाचा शिक्का बसला तो आजही पुसलेला नाही. पुण्यातल्या थिएटरात 'पानी'वर जो हशा येतो तो मंत्र्यावर येत नाही. तो मंत्र्याच्या आईवर येतो, त्याच्या गावावर येतो, आणि आपण कोण नाही हे एकमेकांना सांगायला येतो. मंत्र्याच्या हातातल्या सत्तेला त्या हशाने साधा ओरखडासुद्धा उठत नाही. उलट दुसऱ्या दिवशी तो सभेत सांगू शकतो की, बघा, शहरातले लोक आपल्या बोलीला हसतात. आणि ते खरं असेल.

ज्यांनी गेली दीडशे वर्षं हेच हसणं ऐकून घेतलं, त्यांच्यातला एखादा तुमच्या प्रयोगाला शेवटच्या रांगेत बसलेला असेल. त्याच्यासाठी तुमच्या नाटकात काय आहे? म्हणून उच्चारांचे विनोद काढा. एक तेवढा ठेवा, अगदी सुरुवातीचा. तो का ठेवायचा ते शेवटी सांगते.

आता तिसऱ्या प्रवेशाकडे वळते. तो थंड जातो, कारण तुम्ही तो घाईत लिहिलाय. टेबलावरची चारही माणसं तुम्ही मूर्ख केली आहेत. एक झोपाळू, एक चहाबाज, एक लाचखाऊ, एक चमचा. अशी माणसं प्रेक्षकांनी शंभर वेळा पाहिली आहेत, त्यामुळे ती आली की प्रेक्षक मनातून निघून जातो. तुम्ही दीड वर्ष ज्यांच्यात बसताय ती माणसं तशी आहेत का? मी बत्तीस वर्षं शासनाच्या नोकरीत होते, त्यातली सात वर्षं भाषणं लिहिण्यात गेली. मला तिथे बहुतेक हुशार, वक्तशीर, घरी म्हातारे आई-वडील सांभाळणारी माणसं भेटली. नाटक असेल तर ते तिथेच आहे.

माझ्याच बाबतीतलं सांगते. एका पाणीयोजनेच्या कार्यक्रमाचं भाषण होतं. निमंत्रणपत्रिका आली, खासगी सचिवांकडून विभागाला निरोप गेला की मुद्दे द्या, आजच द्या. विभागाने आयुक्तालयाला कळवलं, आयुक्तालयाने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला. निरोप खाली पोचेपर्यंत 'आजच'चं 'अर्ध्या तासात' झालेलं असतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. अर्ध्या तासात नवी माहिती गोळा होत नाही, म्हणून तालुक्याचा लिपिक गेल्या वेळचा तक्ता तारीख बदलून पाठवतो. त्या दिवशी मात्र फोनवर एक तरुण ग्रामसेवक भेटला. त्याने तक्ता न पाठवता सरळ सांगितलं. ते मी जसंच्या तसं लिहिलं: 'या मंडपापासून दीड किलोमीटरवर एका वाडीची विहीर आहे. तिला फेब्रुवारीपासून पाणी नाही. टँकर दोन दिवसाआड येतो. आजची योजना त्या विहिरीसाठी आहे.' चार वाक्यं. मसुद्यात वाडीचं नावही घातलं होतं, इथे ते गाळलंय.

मसुदा निघाला. कार्यासन अधिकाऱ्यांनी 'दोन दिवसाआड'भोवती पेन्सिलने गोल केला. म्हणाले, उद्या कुणी विचारलं की रोज का नाही, तर उत्तर कोण देणार? त्यांचं बरोबर होतं. झालं, 'टँकर सुरू आहे.' अवर सचिव म्हणाल्या, एका वाडीचं नाव घेतलं की बाकीच्या वाड्या विचारतील आमचं का नाही. त्यांचंही बरोबर होतं. 'काही वाड्यांमध्ये' आलं. उपसचिवांनी हिरव्या शाईने 'पाणी नाही' खोडलं. टंचाई जाहीर करायची वेगळी कार्यपद्धती आहे, ती अजून पूर्ण झालेली नाही, मग पाणी नाही असं मंत्र्यांच्या तोंडून कसं जाईल? नियमाने बघितलं तर अगदी बरोबर. तिथे 'पाण्याची परिस्थिती' बसली. शेवटी खासगी सचिव म्हणाले, कार्यक्रम आनंदाचा आहे, लोक नटूनथटून येणार, सूर जरा वर ठेवा. मी टायपिस्टच्या शेजारी उभी राहून शेवटची दुरुस्ती सांगितली: 'पाणीप्रश्नावर मात करण्यासाठी शासन कटिबद्ध आहे.'

चौघांपैकी एकही खोटं बोलला नव्हता. चौघांनी मिळून फक्त एक विहीर नाहीशी केली होती, आणि ती बुजवायचा शेवटचा दगड माझ्या हातचा होता.

भाषणाची प्रत मोठ्या टायपात, पानाला बारा ओळी, कारण साहेब चारचौघांत चष्मा लावत नसत. पानं स्टेपल केलेली नव्हती, वाचताना सहज सरकावीत म्हणून. तीन तास उन्हात बसलेल्या लोकांसमोर ते वाचलं गेलं. मी मंडपाच्या मागच्या टोकाला बायकांत बसले होते. कटिबद्धचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतका वेळ कान देऊन ऐकत होत्या. भाषण संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या इहिरीच्या पान्याचं काय बोलले का वो, बाई?"

मी म्हटलं, हो, बोलले ना.

तेव्हापासून आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुमच्या तिसऱ्या प्रवेशाला हेच हवं आहे. टेबलावरची चारही माणसं शहाणी करा. प्रत्येकाचं म्हणणं ऐकून प्रेक्षकाने मान डोलावली पाहिजे. पहिला शब्द खोडला की त्याला वाटावं की खरंच, एवढं तर चालतंच. दुसरा खोडला की तो हसेल, कारण आता त्याला चाल कळली आहे. तिसऱ्याला तो आधीच ओळखेल की आता कोणता शब्द जाणार. आणि चौथ्याला त्याला आठवेल की आपणही ऑफिसात, सोसायटीच्या सभेत, शाळेच्या अहवालात हेच करतो. मूळ चार वाक्यं फळ्यावर मोठ्या अक्षरांत दिसू द्या आणि शब्द जाताना प्रत्यक्ष दिसू द्या. पुसायचं काम नटांनाच द्या, डस्टरने, खडूची पूड हाताला लागेल असं. राजकीय उपहासाला मंत्र्यापेक्षा वाक्य हे पात्र जास्त मानवतं. मंत्री पाच वर्षांत बदलतो, ते वाक्य पुढच्याच्या भाषणात तसंच हजर असतं.

भाषेचं एक सांगते, कारण त्यात तुम्ही अजून हात घातलेला नाही. आपल्या सरकारी मराठीतला कर्ता कुठे जातो ते बघा. 'निर्णय घेण्यात आला.' 'निधी उपलब्ध करून देण्यात येईल.' 'उचित कार्यवाही करण्यात येत आहे.' घेतला कुणी, देणार कोण, करतंय कोण? सगळं आपोआप येतं, पाऊस यावा तसं. शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत तर ठरलेली ओळ असते की अमुक बाब शासनाच्या विचाराधीन होती. किती दिवस, कुणाच्या विचाराधीन? तुमच्या एका पात्राला नेमका हाच प्रश्न पडू द्या. नव्याने लागलेला एखादा मुलगा असेल तो, जो प्रामाणिकपणे विचारतो, "सर, इथे कर्ता कोण लिहू?" आणि चारही शहाणी माणसं एकमेकांकडे बघतात. याच्याइतकी विनोदी आणि भयंकर जागा तुम्हाला शोधून मिळणार नाही, आणि त्यासाठी कुणाचा उच्चार बिघडवावा लागत नाही.

हे सरकारी मराठी वाईट हेतूने जन्मलं नव्हतं हेही नाटकात कुठेतरी असू द्या. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, १९६५ च्या प्रजासत्ताकदिनापासून मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, तेव्हाची उमेद मोठी होती. खेड्यातल्या माणसाला त्याच्या हातातला सरकारी कागद वाचता यावा, यासाठी भाषा संचालनालयाने पदनाम कोश केला, शासन व्यवहार कोश केला. कागद मराठी झाला. पण त्या मंडपातल्या बाईंना तो कळला का? हे एक मोजमाप हाताशी ठेवा. ते नसेल तर उपहास नुसता कुचेष्टेवर येतो.

टोपणनावाचं. माझं मत विचाराल तर घेऊ नका, पण आत्ता प्रयोगही करू नका. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, कामात हाती आलेले कागद बाहेर द्यायचे नाहीत, ही बंधनं त्यात आहेत. निव्वळ वाङ्मयीन लेखन वेगळं धरतात, हे खरं. पण ज्या टेबलावर बसताय त्याच टेबलावरचं प्रहसन निव्वळ वाङ्मयीन आहे असं तुमच्या वरिष्ठांना पटवणं सोपं नाही. शिवाय सार्वजनिक प्रयोग म्हटला की संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाणार, तालमीला दहा माणसं असणार, आणि हे पुणं आहे. टोपणनाव आठवडाभर टिकेल. मग जे प्रामाणिकपणे लिहिलं ते लपूनछपून लिहिल्यासारखं दिसेल, आणि बोलणं नाटकावर न होता तुमच्यावर होईल.

नावं-गावं बदलली, सगळं आडवळणाने लिहिलं, की आपण सुरक्षित, असाही समज करून घेऊ नका. शिवराम महादेव परांजप्यांनी याच शहरातून १८९८ साली 'काळ' हे साप्ताहिक सुरू केलं. वक्रोक्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वरवर स्तुती वाटावी आणि आत धार असावी असं ते लिहीत. तरी १९०८ मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झालीच. आज तुम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नाही, पण आडून लिहिणं ही ढाल आहे असं समजून लिहाल तर लेखन मवाळ होईल आणि धोका तेवढाच राहील.

मग काय करायचं? उसनवारी संपवून मूळ कार्यालयात परत यायचा अर्ज द्या. घरचं कारण चालतं, आणि तुमच्या पत्रावरून ते खोटंही नसेल. तिथे स्थिरस्थावर व्हा, रीतसर परवानगीचा अर्ज द्या आणि मग तुमच्या नावाने प्रयोग करा. परवानगी नाकारली तर संहिता राहू द्या, मित्रमंडळींत वाचा, सेवानिवृत्तीनंतर करा. नाटक चांगलं असेल तर थांबेल. आणि लिहिताना आतल्या कागदाची एक ओळही वापरू नका. तुम्हाला लागणारं सगळं बाहेर आहे: शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर आहेत, विधिमंडळाचं कामकाज छापील आहे, अर्थसंकल्पाची भाषणं आहेत. सभ्यपणे मिळवलेल्या साहित्यावर उभी असलेली टीका कुणाला झटकता येत नाही.

मिठाचं बोलता, तर तुमचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, साहेबांच्या खिशातून नाही. तरीही तुमच्या मनातली टोचणी मला कळते, आणि ती असावी. रोज ज्याच्या तोंडात आपण शब्द घालतो त्या माणसाबद्दल माया उत्पन्न होतेच. ती मायाही नाटकात आणा. तुमच्या मंत्र्याला एकदा तरी कागद बाजूला ठेवून बोलावंसं वाटू द्या. त्याला ती विहीर माहीत आहे. लहानपणी तो तिच्यात पोहलेला असेल. तो तोंड उघडतो आणि समोर खासगी सचिव हळूच पानाकडे बोट दाखवतात. तो परत कागदाकडे वळतो. तो वळला याचं प्रेक्षकाला वाईट वाटलं, तर तुमचा उपहास कुठल्या कुठे पोचला असेल.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो. तोवर रोजची भाषणं लिहावी लागतीलच, आणि त्यांची तुम्हाला लाज वाटते आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तुमच्या भाषणांची सुरुवात कशी होते? शिवाजी महाराज, शाहू महाराज, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि मग मान्यवरांची नावं मानाच्या क्रमाने. मीही तशीच करत असे. त्यातल्या जोतीरावांनी याच पुण्यात काय केलं ते आठवा. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी इथे मेजवानी होती. शहरातली प्रतिष्ठित मंडळी जडजवाहीर घालून आली होती. जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भर मेजवानीत पाहुण्याला सांगितलं की, इथे दिसतोय तो खरा देश नव्हे, तो बघायचा तर खेड्यात जा. कुणाची नक्कल केली नाही, कुणाला शिवी दिली नाही. अंगावरचे कपडे आणि सरळ बोलणं, एवढ्यावर अख्खी मेजवानी उघडी पाडली. ज्यांचं नाव आपण भाषणाच्या पहिल्या ओळीत घेतो त्यांच्या नावाखाली एक खरी ओळ घालायला काय हरकत आहे?

म्हणून दर भाषणात एक वाक्य लढवा. एकच. त्यात गावाचं नाव असेल, आकडा असेल तर तुम्ही स्वतः तालुक्याला फोन करून पडताळलेला असेल, आणि कर्ता असेल. ते खोडलं जाईल. पुढच्या वेळी परत घाला. दहांत एखादं सुटतं. माझ्या सात वर्षांत मोजकीच सुटली, आणि ती मला अजून पाठ आहेत. बाकी एकही भाषण आठवत नाही.

आता तो ठेवलेला एक 'पानी'. पहिल्या प्रवेशात मंत्र्याला तो म्हणू द्या. पुणेरी प्रेक्षक हसणार, हसू द्या, नटाला मुद्दाम क्षणभर थांबायला सांगा. पुढे कुठेही त्याची आठवण करून देऊ नका. तिसऱ्या प्रवेशात फळ्यावरचा शेवटचा शब्द पुसला गेला की मागून, प्रेक्षकांतूनच, एक म्हातारी उभी राहू द्या. तिला माझ्या बाईंचं वाक्य द्या, जसं आहे तसं, इहिरीसकट आणि पान्यासकट. माझी परवानगी आहे. फक्त पडदा तिथे पाडू नका. तिच्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, आणि टेबलावर पुढची निमंत्रणपत्रिका येते.